बुधवारची नागपंचमी

१

गुरुदत्त केळुसकरला त्याच्याच घराच्या बेसमेंटमध्ये साप चावला. गंमत अशी, की अँब्युलन्सची माणसं जिना उतरून खाली आली तेव्हा साप आपल्या पेटीत, आपल्या फांदीवर शहाण्यासारखा बसलेला होता. पेटीचं काचेचं दार बंद होतं. दाराच्या वरच्या कडेची खिटीही लावलेली होती. साप हाताळायचा लांब दांड्याचा हुक भिंतीवरच्या खिळ्याला जिथल्या तिथे लटकत होता.

सापही साधासुधा नव्हता. इंडोनेशियाच्या बेटांवरचा हिरवागार, जहरी चापडा, ओठ तेवढे पांढरे. गुरुदत्त युनिव्हर्सिटीत सापांच्या विषावर संशोधन करायचा. लॅबची डागडुजी चालू होती म्हणून रीतसर परवानगी काढून त्यानं हा पाहुणा उन्हाळ्यापुरता अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या आपल्या घरी आणला होता. आल्या दिवशीच त्यानं घरच्यांना ओळीत उभं करून दम भरला होता, की हुक हातात नसेल तर दाराला हात लावायचा नाही. तोच माणूस रिकाम्या हातानं पेटीत हात घालतो, हे कुणाला पटावं?

सुनेत्रा पोंक्षेला तर मुळीच पटेना. गुरुदत्तला नेलं त्याच हॉस्पिटलात ती पॅथॉलॉजिस्ट होती आणि केळुसकरांची सतरा-अठरा वर्षांची मैत्रीण. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसेल ते आणि तेवढंच लिहायचं, ही तिची नोकरीतली शिस्त स्वभावातही उतरली होती. त्यामुळे मराठी मंडळात तिला सगळे जरा वचकून असत, आणि अडचण आली की तिच्याकडेच जात.

गुरुदत्तला शुद्ध आली तेव्हा ती शेजारी बसली होती. प्राणिसंग्रहालयातून उतारा आणवला होता, जिवावरचं टळलं होतं. दात हाताच्या पाठीवर लागले होते. नर्सनं तिथे आयोडीन फासलं होतं आणि तळहातही पिवळा झाला होता. बोटांमधून रक्त झिरपत होतं म्हणून सुनेत्रानं साबणाच्या ओल्या टॉवेलनं तळहात हलकेच पुसला. टॉवेलवर लालसर डाग उमटला. तिनं तो टोपलीत टाकला.

"काय झालं, गुरू?"

"माझी चूक. पाण्याचं भांडं काढत होतो."

"हुक न घेता?"

"माझी चूक म्हटलं ना," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये दीपा उभी होती. गुरुदत्तची एकुलती एक मुलगी, अठरा वर्षांची. पुढच्या आठवड्यात ती मिशिगनला कॉलेजला जाणार होती आणि महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

"सुनेत्रा मावशी," ती म्हणाली, "आय डिड इट. बाबांना माझ्यामुळे साप चावला."

२

दीपाचं म्हणणं असं होतं. मंगळवारी संध्याकाळी तिनं मैत्रिणींना दाखवायला पेटीचं दार उघडलं. मग बाबांची गाडी वाजली आणि घाईत खिटी लावायची राहिली. बुधवारी दुपारी बाबांना साप चावला. सैल दार, साप दारापाशी आला असणार, बाबा बेसावध. तिनं सगळा हिशेब जुळवून ठेवला होता.

"मी मिशिगन कॅन्सल करतेय. मंडेला फोन करणार. बाबांचा हात... ही मे नेव्हर होल्ड अ पेन अगेन. मी घरी राहून त्यांचं सगळं करणार."

"आईला सांगितलंस?"

"हो. शी जस्ट स्टेअर्ड ॲट मी. काहीच बोलली नाही."

सुनेत्राला ते खटकलं. दीपाची आई वीणा गणिताची शिक्षिका होती, बोलायला फटकळ. पोरीची चूक असती तर तिनं झाडलं असतं, नसती तर जवळ घेतलं असतं. नुसतं बघत राहणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"मावशी, तू फाइंड आउट कर ना," दीपा म्हणाली. "मी असेन तर मीच असं सांग. पण नक्की सांग."

असली विनंती सुनेत्राला कधी नाकारता आली नव्हती. सोमवारच्या आत सांगते, असं ती बोलून गेली.

३

गुरुवारी ती घरी गेली तेव्हा वीणा सासूबाईंची वेणी घालत होती. माईंचा उजवा खांदा आखडला होता, हात खांद्याच्या वर जात नसे, त्यामुळे अंबाडाही सुनेकडून. वीणा "मी हॉस्पिटलात जाते" म्हणत निघून गेली आणि माईंनी सुनेत्राचा हात घट्ट धरला.

"बाई, हे माझं पाप आहे."

सुनेत्राला पहिल्यांदा हसूच आलं. कालपासून ही दुसरी गुन्हेगार.

"काल पंचमी होती," माई म्हणाल्या. "तुमच्या मंडळाची शनिवारी असेल, पण नागोबाला काय ठाऊक शनिवार-रविवार? मी वीणाला म्हटलं, तर म्हणाली, 'माई, इथे सगळे सण वीकएंडला येतात.' तरी दिंड मात्र करून दिले हो माझ्यासाठी, उकडून. सकाळी मी खाली जाऊन लाह्या ठेवल्या, लांबूनच हात जोडले. आणि मग संध्याकाळच्या भाजीला..." त्यांचा आवाज चिरकला. "सवयीनं वांगं चिरलं. पंचमीला कुणी चिरतं का? चिरल्यावर आठवलं. तेवढ्यात खालून वीणाची हाक आली."

"माई, वांग्याचा आणि सापाचा काही संबंध नाही."

"तुम्ही डॉक्टर, तुम्ही म्हणणारच. या घराला यंदा ग्रहण लागलंय. जूनमध्ये वीणाचा भाऊ गेला, प्रल्हाद. सख्खा, पाठचा. तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मंगळवारीही तिला बरं नव्हतं, दिवसभर तोंडात काही घातलं नाही. मी विचारलं तर म्हणाली पोट बिघडलंय. आता मला परत पाठवा. माझं तिकीट बघा."

सुनेत्रानं माईंची समजूत घातली, ती काही पटली नाही. मग ती बेसमेंटमध्ये उतरली. पेटी उंच मांडणीवर होती आणि खिटी दाराच्या वरच्या कडेला, मुद्दाम उंचावर लावलेली. पाहुण्यांच्या पोरांचा हात पोचू नये हा गुरुदत्तचा हेतू. सुनेत्राला चवड्यांवर उभं राहून ती काढता आली असती. माईंना जन्मात जमली नसती.

साप फांदीवर होता. पानाहून हिरवा, पापणीही न हलवणारा, कारण त्याला पापण्याच नव्हत्या. तिनं काचेजवळ तोंड नेलं तरी तो ढिम्म.

मागून जिन्यावर पावलं वाजली. "त्याच्याकडे नका बघू, सुनेत्राताई," कुणीतरी म्हणालं. "त्याची काही चूक नाही. दोष माझा आहे."

४

हा तिसरा. गिरीश, गुरुदत्तचा लॅबमधला सहकारी. घराची एक किल्ली त्याच्याकडे असे.

"बुधवारी बाराच्या सुमाराला मी आलो होतो," तो म्हणाला. "त्यानं कात टाकली होती, ती मला हवी होती. हुकनं त्याला बाजूला सारलं. ही वॉज ॲनॉइड. त्याला डिवचून मी निघून गेलो आणि चारला गुरूनं हात घातला."

"तुम्ही आलात तेव्हा खिटी लावलेली होती?"

गिरीश थबकला. "नव्हती. मला वाटलं गुरू विसरला. पण जाताना मी लावली. शंभर टक्के. ओढून पाहिली आणि हुक खिळ्याला टांगला."

सुनेत्राच्या छातीवरचा अर्धा दगड उतरला. मंगळवारी राहिलेली खिटी बुधवारी दुपारी लागली होती. नंतर जे झालं त्यात दीपाचा काडीचाही हात नव्हता.

"आणि तुम्ही म्हणता तो राग? साप चार तास धुमसत बसतो?"

"नाही," गिरीशनं प्रामाणिकपणे सांगितलं. "दिवसा हा प्लास्टिकचा असल्यासारखा बसतो. याचं शिकारीचं तंत्र वेगळं. डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये हा खळगा दिसतो? त्यानं त्याला ऊब कळते. अंधारातसुद्धा उंदीर 'दिसतो'. दिवसा नुसत्या हाताच्या उबेनं तो हलत नाही; समोर त्याहून गरम काही हललं, तरच तो झडप घालायला मान मागे घेतो. तसं काही नसतं, तर तो गुरूच्या हाताला चावलाच नसता. तेच तर मला कळत नाही, यार. चार वाजता या खोलीत गरम काय होतं?"

खोलीत ना हीटर होता ना इस्त्री. सुनेत्रानं मांडणीवर बोट फिरवलं. पेटीच्या दारासमोरच्या फळीवर बोटाला चिकट लागलं. तिनं वास घेतला. साजूक तूप.

५

शनिवारी शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये मंडळाची नागपंचमी झाली. चौरंगावर खेळण्यांच्या दुकानातला रबरी नाग, त्याच्यावर हळद-कुंकू, पलीकडे समोसे आणि कोकची मोठी बाटली. वीणा आली नव्हती. बायका सुनेत्राला घेरून विचारत होत्या आणि ती 'बरा आहे, बरा आहे' म्हणत सुटका करून घेत होती.

तेवढ्यात शोभा कुलकर्णीच्या लहानगीनं हळदीची वाटी पांढऱ्या फ्रॉकवर उपडी केली. शोभानं तिला सिंकपाशी नेऊन डागाला साबण चोळला, आणि पिवळा डाग लालभडक झाला. पोरगी रक्त आलं म्हणून भोकाड पसरून रडायला लागली.

"अगं, रक्त नाही ते," शोभा हसत म्हणाली, "हळदीला साबण लागला की असंच होतं."

सुनेत्रा हातातली प्लेट घेऊन तशीच उभी राहिली.

ज्या गोष्टी घरातल्या कोणत्याही बाईला ठाऊक असतात, त्या तिला, एका पॅथॉलॉजिस्टला, हॉस्पिटलात आठवू नयेत? नर्सनं आयोडीन फासलं होतं हाताच्या पाठीवर. तळहात पिवळा होता हळदीनं. टॉवेलवर उमटलं ते रक्त नव्हतं. चावा पाठीवर, हळद तळव्याला. गुरुदत्तनं भांडं काढायला हात घातलाच नव्हता. त्यानं आपला हात कुणाच्या तरी हळद लागलेल्या हातावर पालथा घातला होता. जो चावा दुसऱ्याला बसायचा, तो त्यानं आपल्या हाताच्या पाठीवर घेतला होता. म्हणून हुक घ्यायला त्याला सवड नव्हती.

कुणाचा हात? गिरीश दुपारीच गेला होता. दीपा चारला आइस्क्रीमच्या दुकानात कामावर. माईंचा हात खिटीपर्यंत पोचत नव्हता, आणि त्या वांगं चिरत होत्या. उरलं कोण?

आणि मंगळवारी वीणा जेवली नव्हती. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास करतात. सणांना हसणारी, सगळं वीकएंडवर ढकलणारी वीणा, तिनं तिथी बरोबर धरून भावाचा उपास केला होता. भाऊ जूनमध्ये गेला होता.

तूप निरांजनातलं होतं. बहीण भावाला ओवाळते तसं तिनं त्या सापाला ओवाळलं होतं. आणि ज्याला ऊब दिसते त्या जिवापुढे तिनं पेटती वात गोल गोल फिरवली होती.

६

ती आधी गुरुदत्तकडे गेली. तिनं बोलायला सुरुवात करताच त्यानं डावा हात वर केला.

"कळलंय ना तुला? मग तुझ्यापाशी ठेव."

"दीपा स्वतःला दोष देतेय. कॉलेज सोडायला निघालीय, गुरू."

"तिला सांग गिरीशनं खिटी लावली होती, चूक बापाची. बास."

"तुझ्यावर विश्वास आहे का तिचा? ती म्हणते, बाबा मला वाचवायला खोटं बोलतायत; गिरीशचंही तिला पढवलेलंच वाटेल. खरं कोण ते कळल्याशिवाय ती ऐकायची नाही."

गुरुदत्तनं तोंड फिरवलं. "सुनेत्रा, तू हुशार आहेस. पण एक धागा ओढलास की दुसरा निघतो. घरी बसण्याहून वाईट गोष्टी असतात गं."

त्याचा अर्थ तिला कळला नाही. खरं सांगायचं तर तिनं समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. कोडं सुटल्याची झिंग होती, आणि पोरीला शब्द दिला होता.

वीणा रविवारी सकाळी किचनमध्ये भेटली. सुनेत्रानं फक्त एवढंच विचारलं, "प्रल्हादला ओवाळत होतीस?"

वीणा ओट्याला टेकली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग जूनपासून अडून बसलेलं रडू एकदाचं बाहेर आलं.

"मला वेड लागलं होतं असं समज," ती म्हणाली. "आई सांगायची, नाग हा बाईचा भाऊ. मी हसायचे. पण त्या दिवशी माई लाह्या ठेवून आल्या आणि मला वाटलं, माझा भाऊ गेला तेव्हा मी तिथे नव्हते. त्याला शेवटचं काही केलं नाही. निदान... गुरू वर झोपला होता. मी तबक घेऊन खाली गेले. पेटीचं दार उघडलं. ओवाळलं. तो माझ्याकडे मान करून बघत होता, सुनेत्रा, अगदी ज्योतीबरोबर मान फिरवत. मला वाटलं, ओळखलंन. हळद-कुंकू लावायला हात पुढे केला. गुरू कधी खाली आला कळलंच नाही. त्याचा हात माझ्या हातावर आला एवढंच कळलं."

"खिटी?"

"मी लावली. तबक लपवलं. मग हाक मारली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "गुरू म्हणाला कुणाला सांगू नकोस. मला वाटलं माझी लाज राखतोय. मग दीपा म्हणाली माझ्यामुळे झालं, आणि मी गप्प बसले. तेव्हापासून एक घास गळ्याखाली उतरत नाही. मी आई आहे का कोण आहे?"

"मग सांग तिला."

"नको. सुनेत्रा, तू समजतेस तेवढं सोपं नाही ते."

"उद्या ती मिशिगनला फोन करणार आहे. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

वीणानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू मैत्रीण तिच्या तोंडावर दार लावून घेते आहे. मग तिनं जिन्याकडे तोंड करून हाक मारली. "दीपा, जरा खाली ये."

७

दीपा डायनिंग टेबलाशी बसली आणि वीणानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. भावाचा उपास, निरांजन, हळद-कुंकू, बाबांचा हात. एक शब्द गाळला नाही. दीपा ऐकत राहिली. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना सुनेत्राला स्पष्ट दिसलं आणि तिला स्वतःचं कौतुकही वाटलं.

"सो इट वॉझंट मी," दीपा म्हणाली.

"नाही, बाळा. मी तुला आधीच सांगायला हवं होतं. मला माफ कर."

दीपा रागावेल, असं सुनेत्राला वाटलं होतं. पण ती उठून आईजवळ गेली. "मॉम, यू मिस्ड हिम दॅट मच? तू कधी बोलली नाहीस. मला वाटलं मामाला सडन हार्ट अटॅक आला."

वीणानं नजर चुकवली.

"ओह. सडन नव्हतं?" दीपाच्या कपाळावर आठी पडली. ती बापाची लेक होती, एकातून दुसरं काढणारी. "तू मेमध्ये इंडियाला जाणार होतीस. यू हॅड अ टिकिट. मामा तेव्हा आजारी होता का? तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तू गेली का नाहीस?"

उत्तर सुनेत्राला माहीत होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात याच टेबलाशी दीपा आईच्या गळ्यात पडली होती. जूनच्या पहिल्याच आठवड्यात ग्रॅज्युएशन, शाळेतून भाषणाला तिचीच निवड झालेली, मॉम प्लीज, तू नसशील तर मी बोलणारच नाही. तिला मामाच्या आजाराचं कुणी सांगितलं नव्हतं, परीक्षेत मन लागणार नाही म्हणून. वीणानं दुसऱ्या दिवशी तिकीट रद्द केलं. ग्रॅज्युएशन झालं की लगेच निघते, असं तिनं भावाला फोनवर सांगितलं होतं. ट्रॅव्हल एजंटकडे तिला सुनेत्राच घेऊन गेली होती. दीपा झग्यात, टोपीत भाषण करत होती त्याच शनिवारी साताऱ्यात प्रल्हाद गेला.

म्हणून गुरुदत्त गप्प होता. म्हणून वीणा गप्प होती. त्या दोघांनी पेटीतला साप लपवला नव्हता, हा प्रश्न लपवला होता. राहिलेली खिटी पोरगी चार वर्षांत विसरली असती. हे ती जन्मभर विसरली नसती. आणि तिला इथवर बोट धरून सुनेत्रानंच आणून उभं केलं होतं.

"तिकीट कन्फर्म झालं नाही," वीणा हळूच म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे. आवाज कापला आणि दीपाच्या ते लक्षात आलं.

दीपानं मान वळवली. "मावशी? तू होतीस ना तेव्हा? इज दॅट ट्रू?"

तिच्या डोळ्यांत नुसता प्रश्न नव्हता. त्यात भीती होती, उत्तराच्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिलेल्या माणसाची. ती सुनेत्राकडे बघत होती, कारण सबंध गावात हीच एक बाई अशी होती जिच्याकडून खरं ऐकायला मिळतं.

"हो," सुनेत्रा म्हणाली. "मीच तिला एजंटकडे नेलं होतं. मुंबईच्या सगळ्या सीट गेल्या होत्या. वेटिंग लिस्टसुद्धा बंद होती. आम्ही दोघींनी खूप प्रयत्न केला."

"रिअली?"

"अगदी. तुझी आई माझ्या गाडीत बसून रडली होती."

एवढं मात्र खरं होतं, आणि ते या खोट्याला पाठबळ म्हणून वापरावं लागलं याची तिला सगळ्यात जास्त शरम वाटली. वीणा ओट्याकडे तोंड करून नळ सोडून उभी होती. दीपा थोडा वेळ सुनेत्राचा चेहरा वाचत राहिली. मग तिनं सुस्कारा सोडला, आईला मागून मिठी मारली आणि सुनेत्रा मावशीवर विश्वास ठेवला.